कोठी आणि भिंतीमधले साडेआठ इंच

चैत्र लागला की उज्जैनच्या हवेत भुसा येतो आणि माझं डोकं उठतं. शहराबाहेर मंडीकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग लागते, गल्लीत चाळण्यांचा आवाज सुरू होतो, आणि ज्याला त्याला नव्या गव्हाचं कौतुक सुचतं. शेजारच्या बायका मूठभर गहू तळहातावर घेऊन नाकाशी नेतात, एक दाणा दाताखाली फोडतात आणि डोळे मिटून म्हणतात, "शरबती है." मला त्या वासात गोड काही येत नाही. एरंडेल येतं, तापलेला पत्रा येतो, आणि सत्तावीस वर्षांपूर्वी माझ्या सासूने उच्चारलेला एकच शब्द येतो, "छान." तेव्हा या ऋतूबद्दल मी काही प्रेमाने लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

आमच्याकडे माळव्यात वर्षाचा गहू एकदम भरून ठेवतात. मंडीतून पोती येतात, गहू चाळायचा, निवडायचा, एरंडेलाचा हात लावून चोळायचा, आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरायचा. आमची कोठी पत्र्याची, चौकोनी, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच. चार विटांवर उभी. वर झाकण, खाली वीतभर रुंदीची झडप. झडप वर ओढली की गहू आपसूक बाहेर येतो. ती सासऱ्यांनी करून घेतलेली. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेले होते. सासूबाईंना सगळे माई म्हणायचे, मीही म्हणायचे. माईंच्या सासरची माणसं पूर्वी संस्थानी सरकारांच्या दफ्तरात होती, आणि घरातली प्रत्येक वस्तू कुठे राहील याचं फर्मान अजून त्याच दफ्तरातून निघतं अशा थाटात त्या बोलायच्या.

मी लग्नाआधी गावातल्या फ्रीगंज भागात एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते. ते दिवसच तसे होते. टावर चौकात दर दोन महिन्यांनी एक नवा क्लास उघडायचा, भिंतीभिंतीवर कॉम्प्युटरच्या जाहिराती रंगवलेल्या असायच्या, आणि ज्यांनी उभ्या जन्मात कीबोर्डला हात लावला नव्हता ते बाप मुलांना घेऊन जिना चढून यायचे. मला ते काम येत होतं. नुसतं येत नव्हतं, फार चांगलं येत होतं. मुलगा झाला आणि माईंनी ठरवलं की आता पुरे. मी सहा महिने घरात बसले आणि मग मला एका शाळेचे निकाल कॉम्प्युटरवर तयार करून द्यायचं काम मिळालं. सगळ्या वर्गांच्या गुणपत्रिका, महिनाअखेरीपर्यंत. घरी बसून करायचं, पण त्यासाठी घरी कॉम्प्युटर हवा. शाळेच्या बाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, मशीन सुरू झालं की सांगा, नाही तर आम्ही दुसरीकडे देतो. हे काम गेलं असतं तर पुन्हा मला कोणी विचारलं नसतं, आणि मी उरलेला जन्म त्या घरात चहा गाळत काढला असता. मला हे तेव्हाही इतकं स्वच्छ दिसत होतं.

तयार कॉम्प्युटर आणणं शक्य नव्हतं. मी एकेक भाग जमवत होते. इंदूरला कोणी जाणारं असलं की त्याच्या हातावर चिठ्ठी ठेवायची. मदरबोर्ड आला, हार्ड डिस्क आली, जुना पण बरा मॉनिटर आला. सगळं माझ्या लग्नातल्या ट्रंकेत, सुती लुगड्यांच्या घड्यांमध्ये. राहिलं होतं फक्त कॅबिनेट, म्हणजे ज्यात हे सगळं बसवायचं ती पेटी. लोक पेटीचा विचारच करत नाहीत. मला मात्र पेटीचाच विचार करावा लागला, कारण माईंनी जागा ठरवून दिली होती.

"माधव," माई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. "तुझ्या बायकोला सांग, ठेवायचंय तर कोठीच्या खोलीत ठेव म्हणावं. दिवाणखान्यात असलं फालतू सामान नको. आणि कोठी एक सूत पण सरकणार नाही. बसलं तर ठीक, नाही तर वापस."

माधवने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात त्याचं कामच ते होतं, इकडून ऐकायचं आणि तिकडे पाहायचं.

खोली ती वाईट नव्हती. तीन पिनचं, अर्थिंगवालं बटण घरात फक्त तिथेच होतं. खिडकीखाली माईंचं शिलाई मशीन होतं, त्याच्या टेबलावर मॉनिटर आणि कीबोर्ड राहिला असता. पण मशीनच्या पोटात पायाने चालवायचा पायटा, त्यामुळे खाली कॅबिनेट ठेवायला जागा नाही. कोठीच्या एका बाजूला दार उघडायचं, ते तिला घासूनच. उरली दुसरी बाजू, कोठी आणि भिंत यांच्यामधली फट. तेवढीच माझी.

घरात टेप होती. माईंच्या मशीनच्या खणात, कात्री आणि बॉबिनांच्या शेजारी. ती मागायला तोंड उघडावं लागलं असतं. मी पोत्याची सुतळी घेतली, फटीत आडवी धरली आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. माई दारात उभ्या राहून बघत होत्या. तोंडात बडीशेप होती, ती चावत होत्या. कोठी तेव्हा रिकामी होती. मागचा गहू संपला होता आणि नवा यायचा होता. मी गुडघ्यांवर बसून खाली मोजलं, मग वर मोजलं, दोन्हीकडे सारखं आलं, आणि मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला.

उन्हाळ्याबद्दल लिहिणारे लोक मोगरा लिहितात, माठ लिहितात, गच्चीवरच्या गाद्या लिहितात. माझ्या त्या उन्हाळ्यात भर दुपारचं फ्रीगंज आहे, डोक्यावरून घेतलेला पदर आहे आणि मुठीत घामाने ओली झालेली सुतळी आहे. टावर चौकामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एक दुकान होतं. मालकाला सगळे राजूभैया म्हणायचे. कूलरच्या तोंडासमोर खुर्ची टाकून बसायचा, आणि बाईमाणूस एकटं आलं की मागे कोणी पुरुष जिना चढतोय का ते आधी बघायचा.

मी त्याच्या काउंटरवर सुतळी ताणून धरली. त्याने फुटपट्टी लावली. साडेआठ इंच.

"भाभीजी," तो म्हणाला, "कैबिनेट ले रही हो कि ब्लाउज सिलवा रही हो?"

दुकानातले दोघे हसले. मी हसले नाही. मी म्हणाले, यापेक्षा अरुंद जे असेल ते दाखवा.

"छोटा कोई माँगता ही नहीं. लोगों को बड़ा चाहिए. बैठक में रखा दिखना चाहिए ना."

खरं होतं ते. त्या वर्षांत कॉम्प्युटर घेणारे कॅबिनेट छातीएवढं घ्यायचे आणि त्यावर क्रोशाचं कव्हर घालायचे. आत निम्मी हवा. मला आठवतंय, आमच्या क्लासच्या मालकाने सर्वांत उंच टॉवर खिडकीत ठेवला होता, रस्त्यावरून दिसावा म्हणून, आणि तो बंद पडलेला होता.

शेवटी त्याने माळ्यावरून दोन पेट्या काढल्या. एक सहा इंच रुंद. चुकून आली होती म्हणे, वर्षभर पडून होती. चिंचोळी, आत हात घालायला जागा नाही, पत्र्याच्या कडा अशा धारदार की उघडतानाच माझं बोट कापलं. हवा खेळायला बाजूला चार भोकं, तीही नावाला. दुसरी साडेसात इंच. दोन्ही बाजूंना जाळी, मागे पंख्याला मोठं तोंड, तारा नीट वळवून नेता येतील एवढी आत जागा. उज्जैनच्या मे महिन्यात, बंद खोलीत, दिवसभर चालणारं मशीन कशात जगेल हे कळायला फार विद्या लागत नाही. साडेआठमधून साडेसात वजा केले तर दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच वारं. माझा हिशोब पक्का होता.

"छोटावाला ले जाओ, भाभीजी. जगह कम है तो छोटा ही काम आता है. और देख लो, माल वापस नहीं होगा."

तो बरोबर सांगत होता, हे मला फार उशिरा कळलं. पण ब्लाउजवाला जो माणूस तो मला शिकवणार? मी साडेसातचंच घेतलं. रागाच्या भरात घेतलं असं म्हणवत नाही, कारण सगळी कारणं बरोबर होती. पण त्याने मोठं घ्या म्हटलं असतं तर मी छोटं घेतलं असतं, एवढं आज कबूल करते.

घरी आणलं ते सरळ कोठीच्या खोलीत. रिकामी पेटी फटीत सरकवली. गेली. दोन्हीकडे करंगळी जाईल एवढी जागा उरली, अगदी मी मोजली होती तशी. माई पुन्हा दारात. आणि मग त्या थेट माझ्याशी बोलल्या, माधवमार्फत नाही.

"बसलं ना?"

"बसलं."

"छान."

तीन वर्षांत त्यांनी मला छान म्हटलं नव्हतं. पोळ्यांना नाही, मुलाला नाही, दिवाळीच्या रांगोळीला नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण मला त्या शब्दाने बरं वाटलं. रात्री माधवला मी सांगितलंसुद्धा, की माई आज छान म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहू आला. हम्मालांनी पोती अंगणात टाकली. दोन दिवस आम्ही चाळत होतो, निवडत होतो, एरंडेल चोळत होतो. बोटांच्या पेरांना तेलाचा चिकटा, नाकात भुसा, घशात खवखव. माई पाटावर बसून स्वतः प्रत्येक घमेलं बघायच्या आणि मगच कोठीत ओतू द्यायच्या. मी मधल्या वेळात पेटी पलंगावर घेऊन तिच्यात एकेक भाग बसवत होते. स्क्रू, पट्ट्या, तारा. मला आठवतं, मी गुणगुणत होते. त्या घरात मी गुणगुणल्याचं दुसरं आठवत नाही.

तिसऱ्या दुपारी सगळं बसवून झालं. शाळेच्या बाईंना मी निरोप पाठवला होता की संध्याकाळी कागद घेऊन या, मशीन तयार आहे. मग कॅबिनेट उचललं, कोठीच्या खोलीत नेलं आणि फटीत घातलं.

चार बोटं आत गेलं आणि अडकलं.

मला आधी वाटलं मी तिरकं धरलंय. सरळ केलं. ढकललं. रंग खरवडल्याचा आवाज आला. बाहेर काढून पाहिलं तेव्हा दिसलं. कोठी फुगली होती. तीन वर्षं मी तिच्यातून गहू काढत होते, पण तिच्या पत्र्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. गळ्यापर्यंत गहू भरल्यावर तिचा सपाट पत्रा मधोमध पोटासारखा बाहेर आला होता. मी पुन्हा सुतळी धरली. गाठ आता भिंतीवर दुमडत होती, दीड इंच तरी. सात इंच राहिले होते आणि माझी पेटी होती साडेसात. सहाची असती तर बसली असती.

माई बाहेर दिवाणावर पेपर वाचत पडल्या होत्या. दुपारच्या झोपेआधी त्या पेपर वाचायच्या.

"कोठी फुगलीय," मी म्हणाले.

"भरली की फुगते ती. दर वर्षी फुगते."

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी पान उलटलं. "घरात सगळ्यांना माहीत आहे."

"मी मोजत होते तेव्हा तुम्ही तिथे उभ्या होतात."

"तू विचारलं कुठे?" माई म्हणाल्या. चष्मा काढून मिटला, उशाशी ठेवला, भिंतीकडे तोंड केलं.

मी माणसांचा राग पुष्कळ केला आहे. पण त्या दुपारी मला जो राग आला तसा पुन्हा आला नाही. मला त्यांचं ते "छान" आठवलं, आणि त्याने मला बरं वाटलं होतं हे आठवलं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जास्त लागलं. संध्याकाळी शाळेच्या बाई येणार होत्या. मी काय सांगणार होते त्यांना, गहू जास्त झाला?

मी खोलीचं दार लोटून घेतलं, कोठीसमोर खाली बसले आणि झडप वर ओढली.

गहू आला. आधी बारीक, मग जोरात, सळसळत. मी काही अंथरलं नाही. खाली चादर टाकायचं सुचलं नाही असं मी पुढे अनेकदा सांगितलं आहे, पण ते खोटं आहे, सुचलं होतं. दोन दिवस चाळलेला, निवडलेला, तेल लावलेला गहू उघड्या फरशीवर, माझ्या पायांवर, मशीनच्या पायट्याखाली पसरत गेला. कडुलिंबाची पानं बाहेर आली. भुसा इतका उठला की खिडकीतला उजेड पिवळा झाला. मी एका हाताने झडप धरून होते आणि दुसरा तळहात पत्र्याच्या पोटावर होता. आणि एका क्षणी, साधारण दोन पोती गहू बाहेर आल्यावर, पत्रा ठप्प आवाज करून आत गेला. त्या आवाजाचं सुख मी शब्दांत सांगू शकत नाही.

झडप पाडली. गव्हात पाय रोवून कॅबिनेट आत सरकवलं. घासत गेलं, पण गेलं. तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली.

ठप्प आवाजाने माई उठल्या असाव्यात. त्यांनी दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबल्या, कारण पुढे पाय ठेवायचा तर गव्हावर ठेवावा लागला असता.

"अन्न आहे ते," त्या म्हणाल्या.

बस, तेवढंच. ओरडल्या असत्या तर मी तयार होते. मी तीन वर्षांची उत्तरं जमवून ठेवली होती. त्या खाली बसल्या आणि ओंजळीने गहू पोत्यात भरू लागल्या. मी वाकले तर हाताने मला बाजूला केलं. संध्याकाळपर्यंत त्या एकट्याच भरत होत्या, कमरेवर हात ठेवत, उठत, पुन्हा बसत. शाळेच्या बाई आल्या, माझ्याकडे कागद देऊन गेल्या, जाताना विचारलं, "आज गहू भरताय का?" माई म्हणाल्या, "हो ना."

मी ते निकाल वेळेवर दिले. पुढच्या वर्षी दोन शाळा मिळाल्या. पण त्या जमिनीवरून भरलेल्या दोन पोत्यांना पावसाळ्यात कीड लागली, आणि माईंनी आटा ठेवायचे दोन डबे केले. एक कोठीतल्या गव्हाचा, एक पोत्यातल्या. पोत्यातल्या आट्याच्या पोळ्या फक्त माझ्या ताटात यायच्या. कडवट लागायच्या. मी आणखी दोन मागून घ्यायचे. माधव खाली मान घालून जेवायचा.

"तुझ्या मशीनने माझे गहू शेकले," माई एकदा म्हणाल्या. तेही अगदीच खोटं नव्हतं. पेटी पत्र्याला चिकटून होती, वाऱ्याला जागाच राहिली नव्हती. मे महिन्यात तिच्यावर हात ठेवला तर चटका बसायचा आणि दर तासाला मला ती बंद करावी लागायची.

पण पोळ्या रोज होत होत्या, आणि गहू रोज कमी होत होता. गणपतीपर्यंत फटीत माझी करंगळी जाऊ लागली. दिवाळीत पत्रा अगदी सपाट झाला. थंडीत बाजूच्या जाळीतून वारं येऊ लागलं आणि मशीन दिवसभर न थांबता चालायला लागलं. पुढच्या चैत्रात माईंनी एक पोतं जास्त मागवलं. मी तोपर्यंत पेटी बदलली होती. सहा इंचांची, राजूभैयाच्या माळ्यावर अजून पडून होती ती. तो नुसता हसला.

मग मी फ्रीगंजमध्ये स्वतःचा क्लास काढला आणि बरीच वर्षं चालवला. माई म्हाताऱ्या झाल्या, आजारी पडल्या, गेल्या. मी त्यांचं सगळं केलं. औषधं, पाठ, केस. आमच्यात तह झाला का, असं लोक विचारतात. नाही झाला. शेवटच्या महिन्यातही पेजेचा चमचा तोंडाशी नेला की त्या आधी माझ्याकडे बघायच्या, मग चमच्याकडे.

कोठी अजून आहे. आता पिठाच्या थैल्या दारात येतात, तरी मी ती दर चैत्रात भरते, गळ्यापर्यंत. दोघांना एवढा गहू कशाला, असं माधव विचारतो. मी पुढचं घमेलं ओतते.

या वर्षी मुलगा आणि सून पुण्याहून तीन महिन्यांसाठी इथे आले आहेत, घरूनच काम करणार म्हणून. सुनेचं नाव ईशा. तिला कोठीचीच खोली हवी, कारण तिथे स्वयंपाकघराचा आवाज पोचत नाही. ती स्वतःचा कॉम्प्युटर जुळवणार आहे. मोबाइलवर तिने मुलाला कॅबिनेटं दाखवली, एकाहून एक लहान, त्यातलं एक तर बुटांच्या खोक्याएवढं. मी शेजारी बसले होते. आयुष्य मी याच कामात घातलं, आणि तिने मला विचारलं नाही. मलाही सांगावंसं वाटलं नाही.

काल गहू आला. मी खोलीच्या दाराशी पाट टाकून निवडत बसले होते. कोठी रिकामी. ईशा आत गेली, खिशातून पोलादी टेप काढली, गुडघ्यांवर बसली आणि फटीत धरली.

"साडेआठ," ती स्वतःशीच म्हणाली. मग मोबाइलमध्ये काहीतरी बघितलं. "साडेसातवालं बसेल."

माझे हात परातीत थांबले. खरं सांगते, मला आनंद झाला. वाईट, गरम, फार जुना आनंद. मी तिला सांगणार नव्हते. ती वर बघेल, बसेल ना विचारेल, आणि मी काय म्हणायचं तेही माझ्या तोंडात तयार होतं. छान.

तिने वर बघितलं. मग माझ्यापुढच्या पोत्यांकडे बघितलं. मग बोटाच्या मागच्या बाजूने कोठीच्या पत्र्यावर टकटक केलं.

"आई, भरल्यावर ही फुगते का हो?"

इतकाच प्रश्न. मी सत्तावीस वर्षांपूर्वी दोन दिवस त्या कोठीसमोर वावरले आणि मला तो विचारता आला नाही, कारण विचारायचा तर माईंना विचारावा लागला असता. त्याऐवजी मी सुतळीला गाठी मारल्या. ही पोर टेप घेऊन आत आली आणि सरळ विचारून मोकळी झाली. मला तिचा राग आला. माईंचा तर होताच. पण त्या दोघींच्या मागे आणखी एक बाई गुडघ्यांवर बसलेली दिसली, सुतळी धरून, ओठ घट्ट मिटून, आणि सगळ्यांत जास्त राग मला तिचा आला.

"दीड इंच," मी म्हणाले. "मधोमध. सातच धर."

"मग सहाचं घेते," ईशा म्हणाली, आणि टेप खटकन मिटवून निघून गेली.

मी परात पुढे ओढली आणि खडे काढत राहिले.